फवारणी करणाऱ्याचा मालक कोण?

(खरीपपूर्व जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली कित्येक वर्षे या व्यासपीठावरून आम्ही भावाबद्दल बोलत आलो. कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, आयात, निर्यातबंदी. आज बोलायचे आहे ते वेगळे आहे आणि ऐकायला कडू आहे. आजवर आपण सरकारकडे, व्यापाऱ्याकडे, कंपनीकडे बोट दाखवले. आज ते बोट थोडे आपल्याकडे वळवायचे आहे. ज्यांना राग येईल त्यांनी शेवटी उभे राहून जरूर बोलावे, पण आधी ऐकून घ्यावे.

प्रश्न साधा आहे. आपल्या वावरात पाठीवर पंप घेऊन जो माणूस फवारणी करतो, त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

कारखान्यात कामगाराचा हात यंत्रात गेला तर मालकाला जाब विचारला जातो. शेताचे काय? शेतकरी म्हणतो, "आम्हीच कर्जात बुडालेलो, आम्ही कसले मालक?" म्हणणे खोटे नाही. पण ज्या दिवशी आपण तीनशे रुपये रोजाने किंवा पंपामागे अमुक रुपये ठरवून माणूस लावतो, त्या दिवशी त्या कामापुरते आपण मालक असतो. नफ्यात असो की तोट्यात.

आमचीच गोष्ट

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःचे सांगतो. आम्ही कृषी पदवीधर. किडीची आर्थिक नुकसानीची पातळी, हेक्टरी मात्रा, पाण्याचे प्रमाण, सारे तोंडपाठ. गावोगाव प्रात्यक्षिके घेतली. २०१२ च्या खरिपात आमच्याच वावरात, भादव्यात, पऱ्हाटी खांद्याला लागलेली असताना सालगडी फवारत होता. दोन औषधे एका टाकीत मिसळलेली. ती मिसळायला आम्हीच सांगितले होते. अंगात बनियन, पायात काही नाही, तोंडाला रुमाल. दुपारी घरून हातमोजे आणून देऊ म्हटले तर तो म्हणाला, "काही नाही होत भाऊ, इतकी वर्षं मारतो आहे." आम्हालाही ते सोयीचे वाटले. आम्ही गप्प बसलो.

चारच्या सुमारास तो धुऱ्यावर बसला. घाम थांबेना, तोंडातून लाळ, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दाटलेले. तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "कोणते औषध होते?" आम्ही नाव सांगितले, पण दुसऱ्याचे नेमके नाव आठवेना. डबा वावरात राहिलेला. एक पोरगा मोटारसायकलवर परत गेला, धुऱ्यावरून डबा उचलून आणला. तोवर पाऊण तास गेला. माणूस वाचला. पण पुढे दीड महिना त्याचे हात थरथरत होते आणि कामावर येता आले नाही.

आम्ही दवाखान्याचे पैसे दिले. मजुरी दिली नाही. गावात लोक म्हणाले, फार केले तुम्ही. आम्हालाही तसेच वाटले. ते उपकार नव्हते, कायद्याने आमच्यावर असलेले देणे होते आणि त्यातलेही अर्धेच आम्ही दिले होते, हे पुढे कायदा वाचला तेव्हा कळले. त्या बुडवलेल्या मजुरीची लाज अजून मनात आहे, म्हणून आज उभे राहिलो.

यवतमाळने काय शिकवले

२०१७ सालचा जुलै ते ऑक्टोबर कोणी विसरलेले नसेल. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत अल्पभूधारक शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या वावरात पंपावर गेलेले मजूरही होते. सरकारने विशेष तपास पथक नेमले. मृतांच्या कुटुंबांना दोन लाख रुपये जाहीर झाले. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन यांच्यासह पाच उत्पादनांवर काही काळ बंदी आली.

कारणे एकापेक्षा जास्त होती. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, म्हणून फवारा वरच्या बाजूला मारावा लागला आणि तोच तोंडावर, अंगावर परत आला. बोंडअळी आली, फवारण्या वाढल्या. दोन-तीन विषे एकत्र कालवली गेली. नव्या जोरदार पंपांचा फवारा बारीक धुक्यासारखा उडत होता. हवा दमट, अंगाला घाम. आणि मजुरी पंपामागे ठरलेली. जितके पंप जास्त तितके पैसे जास्त, मग थांबायला, हात धुवायला, वाऱ्याची दिशा पाहायला वेळ कोणाला? हा पंपामागचा दर आपणच ठरवतो, हे लक्षात ठेवा.

विष अंगात कसे शिरते

आपण त्याला 'औषध' म्हणतो. हा शब्दच घात करतो. औषधाला कोण भितो?

ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट गटातली विषे शरीरातले कोलिनेस्टरेज नावाचे विकर बंद पाडतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला हुकूम संपवण्याचे काम या विकराचे. ते बंद पडले की हुकूम चालूच राहतो. म्हणून घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, पोटात कळ, स्नायूंची फडफड आणि शेवटी श्वास बंद. अळी अशीच मरते, माणूसही असाच मरतो.

बहुतेकांना वाटते की विष नाकातून जाते, म्हणून रुमाल बांधला की झाले. पाठीवरच्या पंपाने फवारणाऱ्याच्या अंगात विष मुख्यतः कातडीवाटे जाते. हात, मांड्या, गळक्या टाकीखालची पाठ. ऊन आणि घाम असला की आणखी लवकर. ओला झालेला रुमाल तर विष नाकातोंडाला चिकटवून ठेवतो. सगळ्यात धोक्याचा क्षण फवारणीचा नसून कालवण्याचा असतो, कारण त्या वेळी विष पातळ झालेले नसते. आणि ते काम आपण कोणाला देतो? पाणी आणणाऱ्या बाईला, शाळेतून आलेल्या पोराला.

डब्यावर खाली रंगीत चौकोन असतो. तो उभा टोकावर ठेवलेला असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगाचा असतो. लाल म्हणजे अति तीव्र विष, पिवळा म्हणजे तीव्र, निळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही रंग दिसतो. दुकानदाराने पुडी हातात दिली की आधी रंग पाहायचा आणि तो मजुराला दाखवायचा, ही मालकाची पहिली जबाबदारी.

कायदा काय म्हणतो

आता कायद्याकडे येऊ. कीटकनाशके कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे. नियम चांगले आहेत. विष हाताळणाऱ्याची कामाआधी आणि पुढे ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वासाची साधने, उतारा आणि प्रथमोपचाराचे सामान, प्रशिक्षण, रिकाम्या डब्यांची विल्हेवाट, सगळे त्यात आहे. मग वावरात ते का दिसत नाही? कारण त्याच कायद्याचे कलम ३८. घरगुती वापर, परसबाग आणि स्वतःच्या वहितीतली जमीन यांवरचा वापर कायद्यातून वगळलेला आहे. म्हणजे कंपनीच्या गोदामातला हमाल नियमाखाली आणि आपल्या वावरातला मजूर नियमाबाहेर.

दुसरा कायदा नवा आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ची, अंमलात आली २१ नोव्हेंबर २०२५ पासून. मालकाने कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवावी हे तिचे तत्त्व. पण तिची सर्वसाधारण मर्यादा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेची. आपल्याकडे फवारणीला दोन माणसे असतात. हीही जाळी आपल्या मजुराला धरत नाही.

इथे थांबून कोणी म्हणेल, चला, सुटलो. सुटलो नाही. तिसरा कायदा आहे नुकसानभरपाईचा, मुळात १९२३ चा. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत शेतीतली कीटकनाशकांची फवारणी आणि धुरळणी करणारा माणूस स्पष्ट नावाने घातलेला आहे. यंत्राने कापणी-मळणी करणाराही आहे. २००० सालच्या दुरुस्तीपासून रोजंदारीचा, तात्पुरता मजूरही त्यात येतो. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि भरपाईचे सूत्र तेच आहे.

सूत्र समजून घ्या. काम करताना माणूस गेला तर महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. चाळीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा १८४.१७. महिन्याची मजुरी ९,००० धरली तर ४,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे ८ लाख २८ हजार ७६५ रुपये. हे देणे कोणाचे? मालकाचे. म्हणजे तुमचे-आमचे. माणूस वाचला पण काही काळ काम करू शकला नाही, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला अर्धी मजुरी. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च. आमच्या सालगड्याचे हेच आम्ही बुडवले.

"त्यानेच मास्क काढून ठेवला" ही सबब आपण नेहमी सांगतो. इजेच्या बाबतीत, साधन दिले होते, घालायला स्पष्ट सांगितले होते आणि तरी त्याने जाणूनबुजून मोडले, हे सिद्ध झाले तर ती सबब ऐकली जाते. मृत्यूच्या बाबतीत ऐकली जात नाही. आणि जिथे साधन दिलेच नाही तिथे सबब सांगायची तरी कशी? काम उक्ते दिले म्हणूनही जबाबदारी आपोआप झटकता येत नाही.

मळणी यंत्राबद्दल दोनच वाक्ये. त्यासाठी १९८३ चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा आहे. पेंढी सारण्याचे तोंड उघडे ठेवलेले, झाकण काढून टाकलेले यंत्र भाड्याने आणणे म्हणजे मजुराचा हात पणाला लावणे.

आक्षेप आणि उत्तर

आता तुमच्या मनातले आक्षेप. पहिला, "म्हणजे आता बांधावरही इन्स्पेक्टर आणायचा का?" नाही. इन्स्पेक्टर आला की काय होते हे आपण परवाने, झोनबंदी आणि लेव्हीच्या काळात भोगले आहे. त्याच्या वहीत मजुराचा जीव वाचत नाही, फक्त हप्ता वाढतो. पण इन्स्पेक्टर नको म्हणणाऱ्याने कर्तव्य स्वतःहून पाळले पाहिजे. आपण स्वातंत्र्य मागतो. जो स्वातंत्र्य मागतो त्याने आपल्या हाताखालच्या माणसाच्या जिवाचा हिशोबही स्वतःच द्यायचा असतो.

दुसरा, "पैसे कुठून आणायचे?" हा खरा प्रश्न आहे. केंद्र सरकार २०१८-१९ पासून हमीभाव 'अ-२ अधिक कुटुंबाची मजुरी' या खर्चाच्या दीडपट दिल्याचे सांगते. त्या खर्चात हातमोजे, बूट, चष्मा, मजुराचा विमा, विषबाधेनंतरची भरपाई ठळकपणे मोजून दाखवली आहे का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. सुरक्षेचा खर्च हा उत्पादनखर्च आहे. तो कापसाच्या भावात मिळाला पाहिजे. पण भाव मिळेपर्यंत मजुराच्या फुप्फुसातून तो वसूल करायचा, हे आपल्याला शोभत नाही. घामाचे दाम मागणारी ही चळवळ आहे. मजुराचाही घामच आहे, आणि तो विषात भिजलेला आहे.

तिसरा, "आम्ही स्वतःच फवारतो, मजूर लावत नाही." मग तर दुप्पट कारण आहे. आणि आपल्यातले कितीतरी सकाळी स्वतःच्या दोन एकरांत मालक आणि दुपारी शेजाऱ्याच्या वावरात मजूर असतात. नियम दोन्हीकडे एकच.

या खरिपात काय करायचे

भाषणाने कोणी वाचत नाही, म्हणून कामाचे सांगतो.

एक. फवारणीच्या कामाला रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी आणि योग्य मास्क मालकाने द्यायचा. एकेकट्याला झेपत नसेल तर गावाच्या शाखेने चार-पाच संच घ्यावेत, धुऊन परत ठेवावेत आणि आळीपाळीने वापरावेत.

दोन. पंपामागे मजुरी बंद. फवारणीची मजुरी दिवसावर ठरवा. फवारणी सकाळी आणि संध्याकाळी, भर उन्हात नाही. वारा पाठीकडून घ्यायचा. पऱ्हाटी डोक्यावर गेली असेल तर पाठीवरच्या पंपाने फवारणी करायचीच नाही.

तीन. लेबलवर नसलेले मिश्रण करायचे नाही. नोजल तोंडाने फुंकायचे नाही. गळकी टाकी दुरुस्त होईपर्यंत काम बंद. मध्येच विडी-तंबाखू नाही. साबण आणि दोन घागरी स्वच्छ पाणी धुऱ्यावर असलेच पाहिजे.

चार. अठरा वर्षांखालचे पोर, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, आजारी माणूस यांना ना कालवायला लावायचे, ना फवारायला. फवारलेल्या वावरात लगेच निंदायला बायका पाठवायच्या नाहीत.

पाच. त्रास सुरू झाला की काम तिथेच थांबवा. माणसाला वावराबाहेर काढा, कपडे उतरवा, साबणाने अंग धुवा. दूध, तूप, ताक काही पाजू नका. मुद्दाम ओकारी काढू नका. १०८ ला फोन करा आणि डबा किंवा पुडी सोबत घेऊन जा. आम्ही पाऊण तास घालवला, तुम्ही घालवू नका. ॲट्रोपिन हे ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेटवरचे औषध आहे. प्रत्येक विषाला उतारा नसतो, पॅराक्वाटला नाही. म्हणून डॉक्टरला नाव कळणे म्हणजे अर्धी लढाई.

सहा. गुढीपाडव्याला सालगड्याचा व्यवहार ठरतो तेव्हा धान्य, कपडे, उचल लिहितो. त्याच कागदावर सुरक्षेची साधने आणि विमा लिहायचा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. हप्ता मालकाने भरावा. मात्र याने भरपाईचे देणे फिटते असे कोणी समजू नये.

सरकारकडे आणि कंपन्यांकडे मागण्या

आपले कर्तव्य मान्य केल्यावर आपला आवाज दुप्पट मोठा होतो. म्हणून मागतो. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाचे विष विकताना संरक्षक संच कंपनीने सोबत द्यावा आणि वापराचे प्रशिक्षण तिने द्यावे. मुंगीच्या अक्षरातली घडीपत्रिका बंद करून मराठीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसह सूचना द्याव्यात. जून संपण्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपिनचा साठा आणि ते द्यायला शिकलेला माणूस असावा. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत सातबारावाला शेतकरी आणि त्याच्या घरचा एक माणूस येतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो शेतमजूरही त्यात यावा. १९६८ चा कायदा बदलण्याची चर्चा अनेक वर्षांची आहे, २०२० मध्ये राज्यसभेत विधेयकही मांडले गेले. कायदा बदलताना विषबाधेच्या भरपाईची जबाबदारी विष बनवणाऱ्यावरही टाकावी. सगळे ओझे कर्जबाजारी शेतकऱ्याच्या पाठीवर टाकू नये.

भावांनो, बहिणींनो, आमचा तो सालगडी आज दुसऱ्या गावी असतो. मागच्या वर्षी बाजारात भेटला. चहा घेतला. आम्ही त्या दीड महिन्याच्या अर्ध्या मजुरीचे पैसे पुढे केले. तो हसला. म्हणाला, "भाऊ, इतक्या वर्षांनी?" घेतले त्याने. जाताना म्हणाला, "पोरगा आता फवारणीला जातो. त्याच्या मालकाला सांगा काही."

तेच सांगायला आलो. त्याच्या पोराचा मालक या मांडवात बसलेला असू शकतो. वर वाचलेल्या सहा गोष्टी ठराव म्हणून मांडतो. ज्यांना मान्य असतील त्यांनी हात वर करावेत. आणि पेरणी आटोपून कपाशी गुडघ्याला लागली की प्रत्येक शाखेने आपल्या गावात किती संच घेतले, किती मजुरांचा विमा भरला, एवढे दोनच आकडे पुढच्या जिल्हा बैठकीत आणावेत.